ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना: आवक शिक्क्यापासून ठरावापर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यात हजारावर ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी सरपंच, सदस्य, शिपाई आणि अर्जदार हे एकमेकांचे भावकीतले, गल्लीतले किंवा एकाच दूध संस्थेचे सभासद असतात. त्यामुळे गटार तुंबल्याची बातमी सरपंचांना सकाळी दूध घालायच्या वेळीच कळते, पण "बघतो, करून टाकू" या उत्तरावर विषय मिटल्यासारखा वाटतो आणि कागदावर काहीच उमटत नाही. कारभार मात्र कागदावरच चालतो. पैसा खर्च करायचा तर ठराव लागतो, ठराव व्हायचा तर विषय सभेच्या नोटिशीत यावा लागतो आणि नोटिशीत यायचा तर अर्ज आवक नोंदवहीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या वहीत, चढलेला असावा लागतो. म्हणून अर्ज लिहितानाच पुढे होणारा ठराव डोळ्यांसमोर ठेवावा. अर्जातील वाक्य जवळपास तसेच ठरावात उतरवता आले, तर अर्ज चांगला झाला असे समजावे.

लिहायला बसण्यापूर्वी काम कोणाच्या अखत्यारीतले आहे हे पाहावे, कारण चुकीच्या दारात दिलेला अर्ज उत्तराविना पडून राहतो आणि दोष मात्र सरपंचांच्या नावावर जमा होतो. सातबारा, फेरफार आणि पीकपाहणी ही चावडीतली, म्हणजे तलाठ्यांकडची कामे आहेत. गावठाणातील मिळकतीची मोजणी आणि मालमत्ता पत्रक यांसाठी भूमी अभिलेख कार्यालय आहे. विजेचा खांब कलला किंवा तार लोंबली तर महावितरणकडे जावे, पण त्याच खांबावरचा दिवा बंद असेल तर ते काम ग्रामपंचायतीचे. शिवारातील वहिवाटीच्या रस्त्यावर कोणी आडवा बांध घातला असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागावी लागते. गावातील सार्वजनिक रस्त्यावर ओटा किंवा पायरी पुढे आली असेल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम ५३ लागू होते आणि तो अर्ज ग्रामपंचायतीकडेच द्यावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुराने ज्या गावांत घरे पडली, तेथील लोकांना हा फरक चांगला ठाऊक आहे: पडझडीची मदत महसूल खात्यामार्फत मिळते, ग्रामपंचायतीकडे मागायचा तो घराच्या नोंदीचा नमुना ८ चा उतारा. हा उतारा कर आकारणीचा आहे, मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण भावकीतील निम्मी भांडणे या गैरसमजावर पोसलेली असतात.

आता प्रत्यक्ष अर्ज. एका अर्जात एकच विषय घ्यावा. गटार, दिवा आणि पाण्याची वेळ अशा तीन तक्रारी एका कागदावर आल्या की त्यांतील सर्वांत सोपी दूर होते आणि "अर्ज निकाली" असा शेरा पडून बाकीच्या दोन त्याच फाइलीत बंद होतात. विषयाची ओळ सर्वांत जपून लिहावी, कारण आवक नोंदवहीत आणि पुढे सभेच्या नोटिशीत बहुधा तीच जाते. "गटारीच्या गैरसोयीबाबत" या विषयावर चर्चा होऊ शकते, ठराव होऊ शकत नाही. पुढील नमुना करवीर तालुक्यातील कोणत्याही गावात चालण्यासारखा आहे. मोकळ्या जागा आपापल्या गावाप्रमाणे भराव्यात.

"प्रति,
मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत ........, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

विषय: दूध संस्थेच्या इमारतीपासून मारुती मंदिरामागील ओढ्यापर्यंतच्या गटारीतील गाळ काढणे व फुटलेल्या भागाची दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, सदर गटार सुमारे ४० मीटर लांबीची असून दूध संस्थेसमोर तिचे काँक्रीट सुमारे ३ मीटर फुटले आहे. त्यामुळे सांडपाणी रस्त्यावर येऊन मिळकत क्र. ........ ते ........ या घरांच्या दारात साचते. तरी गाळ काढण्याचे काम तातडीने करावे आणि दुरुस्तीचा विषय येत्या मासिक सभेपुढे ठेवून होणारा निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती.

सोबत: छायाचित्रे दोन, चालू वर्षाच्या घरपट्टी पावतीची प्रत.

आपला विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, मिळकत क्रमांक, दूरध्वनी, दिनांक)"

या अर्जात दोन मागण्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. गाळ काढणे हे नेहमीच्या साफसफाईचे काम असल्याने सरपंच ते शिपायाला किंवा सफाई कामगाराला सांगून दुसऱ्या दिवशी करून घेऊ शकतात. दुरुस्तीला खर्च आहे, म्हणून ती सभेपुढे जाणे भाग आहे. दोन्ही एकाच दमात मागितल्या, तर सोपे कामही सभेची वाट पाहत बसते. "सर्व ग्रामस्थांना त्रास होत आहे" असे लिहिण्यापेक्षा मिळकत क्रमांक द्यावेत, कारण ते नमुना ८ च्या नोंदवहीत लगेच सापडतात आणि पाहणीला आलेल्या माणसाला चार जणांना विचारत फिरावे लागत नाही. घरपट्टी थकलेली असल्यास आधी भरून टाकावी. सभेत कोणीतरी थकबाकीचा विषय काढतोच आणि मग गटार बाजूला राहून चर्चा अर्जदारावर घसरते. शेजाऱ्याचे नाव, मागच्या निवडणुकीतील पॅनेल, पूर्वीच्या सरपंचांनी काय केले नाही, हे काहीही अर्जात येऊ देऊ नये. सरपंच नात्याने मामा लागत असले तरी कागदावर "मा. सरपंच" एवढेच लिहावे.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर ग्रामपंचायतीचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख व घेणाऱ्याची सही घ्यावी. ग्रामसेवकांकडे दोन गावांचा पदभार असेल, तर त्यांचे बसण्याचे वार ठरलेले असतात. ते आधी विचारून घ्यावेत. (ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी हे पद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला असला, तरी गावात आजही सारे जण ग्रामसेवकच म्हणतात.) "ठेवून जा, नंतर नंबर टाकतो" असे कोणी म्हटले तर न रागावता तिथेच थांबावे, कारण नंतर टाकायचा क्रमांक बहुधा टाकला जात नाही. अर्ज घेण्यासच नकार मिळाला, तर तो पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले छायाचित्र आणि त्याखालचे अंगठे म्हणजे अर्ज नव्हे.

मासिक सभा महिन्यातून किमान एकदा व्हावी लागते आणि साध्या सभेची नोटीस सदस्यांना पूर्ण तीन दिवस आधी मिळावी लागते. नोटिशीसोबत विषयपत्रिका फिरते, म्हणून अर्ज सभेच्या आठ-दहा दिवस आधी आवकला पडलेला बरा. सभेत पहिला विषय "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा असतो. त्यानंतर जमाखर्चास मंजुरी, शासकीय परिपत्रकांचे वाचन, आलेले अर्ज आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय येतात. खर्चाचा विषय ऐनवेळी घालून घेण्याचा मोह टाळावा, कारण नोटिशीत नसलेल्या विषयावर खर्चाचा ठराव झाला की विरोधी गटाला आयते निमित्त मिळते. मासिक सभेत मत सदस्यांचे असते, अर्जदाराचे नव्हे. म्हणून अर्जाची एक प्रत आपल्या प्रभागाच्या सदस्याच्या हाती द्यावी आणि जागा त्याला प्रत्यक्ष दाखवावी. फुटलेले काँक्रीट स्वतः पाहिलेला सदस्य सभेत त्यावर दोन वाक्ये तरी बोलतो.

खरी मेख प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या लेखी इतिवृत्तात असते. "गटारीच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली, योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले" असा मजकूर लिहिला गेला, तर काहीच ठरलेले नाही असे खुशाल समजावे. काम कोणते, कोठे, कोणत्या निधीतून आणि पुढचे पाऊल कोणते, एवढे तरी ठरावात यावे: "आवक क्र. ........ दि. ........ च्या अर्जानुसार दूध संस्थेसमोरील गटारीच्या सुमारे ३ मीटर भागाची दुरुस्ती ग्रामनिधीतून करण्यास आणि त्याचे अंदाजपत्रक पुढील मासिक सभेपुढे ठेवण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक ........, अनुमोदक ........, ठराव सर्वानुमते मंजूर." नेमकेपणाने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथांचा नावानिशी उल्लेख झाला. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. "अनिष्ट रूढींचे निर्मूलन करावे" एवढाच मोघम ठराव असता, तर दुसऱ्या गावाला त्यातून नेमके काय उचलता आले असते, हा प्रश्नच आहे.

ठरावाचा मजकूर चुकला असल्याचे कळले, तर दुरुस्तीची योग्य वेळ पुढच्या सभेतील त्या पहिल्याच, इतिवृत्त कायम करण्याच्या विषयात असते. आपल्या सदस्याने तेव्हा बोट ठेवले नाही, तर चुकीचा मजकूरही कायम होतो. चहा येण्यापूर्वी घाईत उरकला जाणारा हा विषय माझ्या मते साऱ्या सभेतला सर्वांत महत्त्वाचा आहे.

सर्वच कामांना सभा लागत नाही. जन्म, मृत्यू व विवाह नोंदीचे दाखले, थकबाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा यांसारख्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. त्यांची मुदत, शुल्क आणि अपिलाचे अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला गेला, तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. घराच्या वारस नोंदीचे मात्र तसे नाही. वडिलांच्या पश्चात घर मुलांच्या व मुलींच्या नावे लावण्याचा अर्ज सहसा मासिक सभेपुढे जातो. त्यास मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र, घरपट्टीची पावती आणि कोणी वारस हक्क सोडत असल्यास त्याचा नोंदणीकृत दस्त जोडावा. सासरी गेलेल्या बहिणीचे नाव "तिला काही नको आहे" असे सांगून गाळण्याची पद्धत अजून गेलेली नाही. तिने तसे रीतसर लिहून दिलेले नसताना केलेला अर्ज हरकतीत अडकतो, आणि अडकायलाच हवा.

सभा झाल्यावर पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर स्मरणपत्र द्यावे. त्यात सारा विषय पुन्हा न मांडता संदर्भात आवक क्रमांक व तारीख घालून "सदर अर्जावर झालेल्या ठरावाची प्रत मिळावी" एवढेच मागावे. तरीही काही हाती लागले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून अमुक तारखेच्या सभेची नोटीस आणि त्या विषयावरील ठरावाची प्रत मागावी; उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. "का केले नाही" असे विचारू नये, कागद मागावा. गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार त्यानंतर करावी आणि सोबत पोच, स्मरणपत्र व मिळालेली माहिती जोडावी. पहिल्याच अर्जावर "प्रत माहितीसाठी: मा. मुख्यमंत्री, मा. जिल्हाधिकारी" असे लिहिणारे बरेच भेटतात, त्याने काम पुढे सरकत नाही, उलट गावातले लोक दुखावतात.

काही वेळा ठराव होतो, पण पैसा नसतो, आणि ही सबब खरीही असू शकते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होता, म्हणजे तो दुसऱ्या कामाला वापरता येत नव्हता. म्हणून मोठे काम असेल तर ते गावच्या विकास आराखड्यात घालून घ्यावे आणि शक्य असल्यास बंधित निधीच्या चौकटीत बसेल असे मांडावे. सांडपाण्याची गटार स्वच्छतेत बसते, वेशीवरची कमान बसत नाही. आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो आणि तेथे मत प्रत्येक मतदाराला असते. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. कोरम न भरल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट राहत नाही, म्हणून त्या दुसऱ्या सभेला चुकवू नये. आराखड्याच्या ग्रामसभा साधारणतः २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. आपला अर्ज सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आवकला पडेल असे पाहावे आणि ग्रामसभेला जाताना त्याची शिक्का मारलेली प्रत खिशात ठेवावी.