चपटकृमी पसरवणाऱ्या या चुका टाळा

मत्स्यालयाच्या टँकच्या काचेवर तिकोनी डोक्याचा, ठिपक्यांएवढ्या दोन डोळ्यांचा तपकिरी कृमी सरकताना दिसला की नवशिक्यांचा हात आधी ब्लेडकडे जातो. कृपा करून तसं करू नका. हा प्लॅनेरिया, म्हणजे पाण्यातला चपटकृमी, कापल्याने मरत नाही, वाढतो. शरीराच्या २७९ व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही अख्खा कृमी तयार होतो, असं अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी नोंदवून ठेवलं आहे. जिरार्डिया टिग्रिना ही जात तर शेपटी दगडाला घट्ट चिकटवते, अंग ताणते आणि आपणहून दुभंगते. नव्या पाण्यात वस्ती करायला तिला जोडीदारही लागत नाही. मूळची उत्तर अमेरिकेतली ही जात आज युरोप आणि जपानच्या पाण्यातही आहे. तिला तिथवर नेण्यात मत्स्यालयांच्या पाणवनस्पतींचा मोठा हात मानला जातो.

माझ्या ओळखीतल्या एकाने कोळंबीच्या टँकची काच रोज ब्लेडने खरवडली. कृमी वाढतच गेले. शेवटी वैतागून त्याने वनस्पती, वाळू, पाणी सगळं बादलीत भरलं आणि जवळच्या ओढ्यात ओतलं. ‘मासे खातील की!’ असं त्याचं म्हणणं. अनेक मासे या कृमीला तोंडही लावत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्या ओढ्यातले दगड उलटून पाहिले, तर खाली तेच तिकोनी डोकं. मला अजूनही त्याचा राग येतो. टँकला औषध देता येतं, ओढ्याला देता येत नाही. दिलं तर गोगलगायी आणि इतर जीवही जातील. टँक मोडायचा तर पाणी उकळा किंवा ओढ्या-गटारापासून दूर कोरड्या मातीत जिरवा. वनस्पती आणि वाळू उन्हात कडकडीत वाळवा, मगच कचऱ्यात टाका. कोरडेपणा या कृमीला अजिबात सोसत नाही.

नवीन वनस्पती थेट टँकमध्ये लावू नका. पानामागे चिकटलेला अंड्यांचा कोष मोहरीएवढा असतो, धुताना हमखास नजरेतून सुटतो. मी वनस्पती महिनाभर वेगळ्या टबात ठेवतो आणि अधूनमधून रात्री कच्च्या मांसाचा तुकडा टाकून पाहतो. कृमी असतील तर त्यावर गोळा होतात. एवढा धीर नसेल तर वनस्पती घेऊच नका.

औषधाचा एक डोस देऊन मोकळं होऊ नका. फेनबेंडाझोल या जंतनाशकाने कृमी मरतात, पण कोषातून मागाहून पिल्लं निघतात, म्हणून डोस पुन्हा द्यावा लागतो. काही गोगलगायींना ते बाधतं, त्यांना आधी बाहेर काढा.

ओली जाळी, गमबूट, होडीचं सामान एका पाण्यातून दुसऱ्यात नेऊ नका. स्कॉटलंडच्या लॉख नेस या सरोवरामध्ये फॅगोकाटा वुडवर्थी हा अमेरिकी चपटकृमी सापडला. या सरोवरात राहतो असं म्हणतात त्या दंतकथेतल्या राक्षसाच्या शोधात अमेरिकेतून आलेल्यांच्या उपकरणांबरोबर तो आला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दोन जाळ्या ठेवा. एक वापरात, दुसरी दोरीवर वाळत.