शिवणकाम शिकताय? मग मशीनच्या आधी कात्रीचं बघा

क्लास लावायचं ठरलं की घरात आधी मशीनची चर्चा सुरू होते, साधी घ्यायची की फुल शटल, मोटर आत्ताच बसवायची की नंतर, चार ओळखीच्यांना विचारून होतं, आणि कात्री मात्र आठवडी बाजारातून नाहीतर भांड्यांच्या दुकानातून जी मिळेल ती येते. मी जळगाव जिल्ह्यात चोपड्याला ब्लाऊज आणि ड्रेसचं काम करते, त्याआधी धुळ्याला एका मास्टरांच्या हाताखाली कटिंग शिकले, आता माझ्याकडे पण मुली शिकायला येतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगते की शिलाई चुकली तर उसवता येते, मुंढा (बाही जोडायची गोलाई) जास्त कापला गेला तर गिऱ्हाईकाचं कापड गेलंच. म्हणून पैसे मोजके असतील तर मशीन सेकंडहँड चालेल पण कात्री नीट बघून घ्या. आणि नीट बघून म्हणजे काय बघायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून एवढं सगळं लिहितेय.

सगळे जण आधी धार बघतात, अंगठा फिरवून. नवी कात्री आहे, धार असणारच ना. खरं बघायचं ते दोन पाती एकमेकांना कशी भेटतात ते. कात्री पूर्ण बंद करा, आडव्या बाजूने डोळ्यासमोर धरा आणि मागे ट्यूबलाईट नाहीतर दुकानाच्या दाराचा उजेड येऊ द्या. स्क्रूपाशी आणि अगदी टोकाला पाती चिकटलेली दिसली पाहिजेत आणि मधल्या भागात केसाएवढी फट दिसली पाहिजे. नवीन मुलींना वाटतं फट आहे म्हणजे माल डिफेक्टिव्ह, तर तसं नाही, ती फट मुद्दाम ठेवलेली असते. प्रत्येक पात्याला आतल्या बाजूला हलकासा बाक दिलेला असतो, त्यामुळे कात्री बंद होत जाते तेव्हा दोन्ही पाती कुठल्याही क्षणी फक्त एकाच ठिकाणी एकमेकांना घासतात आणि तो स्पर्श स्क्रूपासून टोकापर्यंत सरकत जातो. कापड कापलं जातं ते तिथेच. पाती सपाट असली, किंवा बाक असून टोकाला भेटत नसली, तर धार कितीही तेज असू द्या, शेवटच्या अर्ध्या इंचात कापड दोन पात्यांच्या मधे दुमडून अडकतं, आणि आपलं नाजूक काम सगळं त्याच अर्ध्या इंचात असतं, गळ्याचा कोपरा, टक्सची (शिवायच्या चिमटीची) खूण, कटोरीचा (ब्लाऊजच्या छातीच्या वाटीचा) गोल भाग.

त्यामुळे दुकानात जाताना पिशवीत चिंध्या घेऊन जा. एक टू बाय टू रुबियाची (ब्लाऊजचं पातळ सुती कापड), एक जॉर्जेट किंवा शिफॉनची, एक जाड, जीन्सची असली तर उत्तमच. आणि एक सुती चिंधी पाण्यात बुडवून घट्ट पिळलेली, कारण ओलं कापड लोळतं आणि कात्रीची परीक्षा तिथे होते. दुकानदार कागद पुढे करतो, बघा कशी सरसर चालते म्हणून, पण कागदावर तर खेळण्यातली कात्री पण चालते. कापड कापायचं, ते पण फक्त टोकाने, आणि मग स्क्रूपासून टोकापर्यंत एका दमात. कापलेली कड बघा, धागे ओढलेले किंवा कड कुरतडल्यासारखी दिसली की ती कात्री बाजूला ठेवा. कानाने पण कळतं, चांगली कात्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आवाज करते, मधेच कर्र झालं किंवा हाताला अडखळल्यासारखं वाटलं तर तिथे पात्यावर खरचटा किंवा कंगोरा आहे समजायचं.

स्क्रूची तपासणी सोपी आहे. एका पात्याची मूठ हातात घेऊन कात्री आडवी धरा, दुसरं पातं वर उचलून पूर्ण उघडा आणि सोडून द्या (बोटं सांभाळून). ते हळू खाली येऊन बंद व्हायच्या जरा आधी थांबलं तर स्क्रू बरोबर बसलाय, धाडकन बंद झालं तर ढिला, आणि जागचं हललंच नाही तर फार टाईट, दिवसभर कटिंग केलं तर अंगठ्याच्या मुळाशी दुखणार. शक्यतो घट्ट-सैल करता येतो असा स्क्रू असलेलीच घ्या, नुसती रिबेट (न फिरणारा खिळा) ठोकलेली असली की काही महिन्यांनी ढिली झाल्यावर करायचं काय.

साईज. धुळ्याचे आमचे मास्टर अहिराणीत एकच वाक्य म्हणायचे, कात्री डोयाले नही, हातले आवडाले पाहिजे, म्हणजे डोळ्याला नाही, हाताला आवडली पाहिजे. ते स्वतः 12 इंची चालवायचे, पँटपीसचे थर एकावर एक ठेवून कापायचे, त्यांना ती शोभायची पण. आपल्याला ब्लाऊज, कुर्ती, परकर शिवायचेत तर 8 किंवा 9 इंची पुरते, हात मोठा असेल किंवा शर्ट-पँटचं काम धरायचं असेल तर 10. यूट्यूबवर बघून डायरेक्ट 12 इंची मागवू नका, मनगट लवकर भरून येतं आणि गळ्याच्या गोलाईत ती वळत नाही. मूठ बघताना मोठ्या भोकात तीन-चार बोटं आरामात जाताहेत का, आणि अंगठ्याच्या भोकाची आतली कड गुळगुळीत आहे का ते बघा, कड जराशी जरी टोचरी असली तरी लग्नसराईत तिथे घट्टा पडतोच. आणखी एक, कटिंगची कात्री वाकड्या मुठीची पाहिजे, म्हणजे खालचं पातं टेबलावर सपाट टेकून सरकतं आणि मूठ वर राहते. सरळ मुठीची असली तर हाताला जागा करायला कापड उचलावं लागतं, आणि कापड उचललं की खालचा थर सरकतो, मग एक बाही मोठी एक लहान.

आता कुठली घ्यायची. आपल्याकडे जळगाव, धुळे, भुसावळ कुठेही शिलाई मटेरियलच्या दुकानात गेलात तर सगळ्यात जास्त माल मेरठचा असतो. मेरठला कात्र्या बनवायचं काम पिढ्यानपिढ्या चालतं, तिथल्या कात्रीला 2013 मध्ये जीआय टॅग (त्या गावचीच खासियत असल्याची सरकारी नोंद) पण मिळाला. पाती जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगच्या पोलादाची आणि मूठ भंगारातल्या पितळ-ॲल्युमिनियमची, अशी तिथली जुनी पद्धत आहे, आणि आजोबाने घ्यावी नातवाने वापरावी अशी तिची ख्याती, कारण ती पुन्हा पुन्हा धार लावून, स्क्रू बदलून चालवता येते. शिकणाऱ्यासाठी माझं मत हेच, चांगली पारखून घेतलेली मेरठची 9 इंची. पण हातकाम असल्यामुळे एकाच डब्यातल्या दोन कात्र्या सारख्या निघत नाहीत, म्हणून तर वरच्या सगळ्या टेस्ट करायच्या, दोन-तीन काढायला लावा, दुकानदार कुरकुरला तरी चालेल, आपण फुकट नाही नेत. आमच्याकडे एक दुकानदार तर हातात देतानाच म्हणतो, ताई, हाई लई ल्या, भारी शे (ही घेऊन टाका, भारी आहे). त्याला हसून म्हणायचं, भारी असेल भाऊ, पण आधी चिंधी कापू द्या.

पुढे काम वाढलं की जपानी काई कंपनीची घ्यायला हरकत नाही. ही कंपनी सेकी नावाच्या गावातली, ते गावच सुऱ्या-कात्र्यांसाठी ओळखलं जातं. त्यांच्या नंबरातच साईज असते, 7250 म्हणजे 250 मिलिमीटर, आपली साधारण 10 इंची, आणि 7230 म्हणजे 9 इंची. महाग आहे, मेरठच्या कितीतरी पट, पण ब्रोकेड असो की सॅटिन, टोकापर्यंत एकसारखी कापते. शिकताना मात्र एवढे पैसे घालू नका, हात बसू द्या आधी. केशरी मुठीची हलकी फिस्कर्स पण मिळते, फिनलंडची कंपनी, प्लॅस्टिकच्या मुठीची पहिली कात्री त्यांनी 1967 मध्ये काढली. ज्यांचं मनगट दुखतं त्यांना ती बरी पडते. ऑनलाईन घेताना नकली मालाचा धोका आहे आणि हातात धरून बघता येत नाही, म्हणून पहिली कात्री तरी दुकानातूनच घ्या.

काही कात्र्यांच्या एका पात्याला बारीक दाते असतात, सॅटिन, क्रेप, जॉर्जेट असं सुळकन सरकणारं कापड ते धरून ठेवतात म्हणून ती कात्री चांगली वाटते. पण साध्या धारवाल्याने चाकावर धरली की दाते गेले, म्हणून ती पहिली कात्री नको, दुसरी किंवा तिसरी चालेल. झिगझॅग कात्रीचंही तेच, कड न उसवण्यासाठी छान आहे पण घरी ओव्हरलॉक (कापडाची कड शिवून बंद करणारं मशीन) असेल तर तिचं काम फारसं पडत नाही आणि तिला धार लावणारा आपल्या भागात सहज मिळत नाही.

एक कात्री मात्र सगळ्या कामाला वापरू नका, हे मी ओरडून सांगते. मोठी कात्री फक्त कापडाची. कागदात, फर्म्याच्या (मापाच्या नमुन्याच्या) पुठ्ठ्यात भरणीसाठी माती-चुनखडीसारखी पावडर असते, तीच धार घासून टाकते. पॉलिस्टर पण सुतीपेक्षा लवकर धार खातं. जरीचा काठ, टिकल्या, मण्यांचं वर्क याला जुनी कात्री ठेवा, हल्ली नऊवारी शिवून घेणाऱ्या फार आहेत आणि त्या काठाच्या जरीत बऱ्याचदा धातूची तार असते, नवी कात्री तिथे घातली की पात्यावर खाचा पडतात. टाचणीवरून कात्री गेली तरी तेच, एका टाचणीने पडलेली खाच पुढे प्रत्येक कटिंगमधे त्याच जागी धागा ओढते. चिकट बकरमला (कॉलर-पट्टीत घालायचं ताठ कापड) पण वेगळीच ठेवा, त्याचा गोंद पात्यावर बसतो. मशीनपाशी धागे तोडायला छोटा कटर ठेवायचा, तो स्वस्त असतो. म्हणजे सुरुवातीला तीन वस्तू झाल्या, कापडाची मोठी, कागदाची कुठलीही जुनी, आणि धाग्याचा कटर. मोठीच्या मुठीला लाल चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगा की या कात्रीला दुधाची पिशवी, राखीचा दोरा, पोरांचा प्रोजेक्ट काहीही चालणार नाही.

धार लावणं हा सगळ्यात नाजूक विषय. सायकलवर चाक घेऊन येणारे भाऊ सुरीला, विळीला छान धार लावतात, पण शिवणाच्या कात्रीचं गणित वेगळं आहे. धार फक्त बाहेरच्या तिरप्या कडेला लावायची असते, आतली बाजू घासायचीच नाही, कारण वर सांगितलेला बाक आणि आतली किंचित खोल जागा तिथेच असते, ती सपाट झाली की कात्री गेली. दुसरं म्हणजे चाकावर जोरात दाबून धरलं की पातं तापतं, कडेला निळसर झाक आली तर समजा पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं आणि तिथलं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, मग आठ दिवसात धार पुन्हा बोथट. म्हणून तुमच्या गावातले जुने टेलर कोणाकडून लावून घेतात ते विचारा, तोच माणूस धरा, आणि समोर उभं राहून लावून घ्या, पातं मधेमधे पाण्यात बुडवतोय का, आतली बाजू सोडतोय का ते बघा. आणून लगेच चिंधीवर टोकाने कापून बघा, तिथेच बोला, घरी येऊन बोलून उपयोग नाही. ॲल्युमिनियम फॉईल कापली की धार येते असं रीलमधे दाखवतात, त्याने वाकलेली कड जराशी सरळ होते एवढंच, बोथट कात्रीला धार येत नाही.

चालवताना पण पद्धत आहे. कापड टेबलावर सपाट, डावा हात कापडावर ठेवलेला, खालचं पातं टेबलाला टेकलेलं, आणि लांब लांब कट. सरळ कटिंगमधे कात्री दरवेळी टोकापर्यंत बंद करू नका, थोडी उघडी असतानाच पुढे सरकवा, नाहीतर प्रत्येक जागी कडेला पायरी पडते. जाड थर असले तर कापड स्क्रूच्या जवळ घ्या, तिथे जोर जास्त मिळतो. मार्जिनला खूण करायचा कट असेल किंवा कोपरा, गोलाई असं नाजूक काम असेल तेव्हाच टोक वापरा. खाली जमिनीवर बसून कटिंग करत असाल तर सतरंजीवर नको, पाटावर किंवा प्लायवर करा.

देखभाल थोडीच पण रोजची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, तळहाताला घाम येतो आणि तो घाम पात्यावर वाळला की गंजाचे ठिपके पडतात, मग पावसाळ्यात ते वाढतात. काम झालं की कोरड्या कापडाने पुसायची, स्क्रूपाशी साचलेला कापसाचा भुगा काढायचा, पंधरा दिवसांनी मशीनच्या तेलाचा एक थेंब स्क्रूवर टाकून दोन-चार वेळा उघडबंद करायची आणि आधी चिंधी कापायची, नाहीतर तेलाचा डाग पांढऱ्या अस्तरावर उतरतो. फरशीवर पडली की टोक तपासा, टोकाचा बाक बदलतो आणि धारवाल्यालाही तो नीट करता येईलच असं नाही.

डावऱ्या मुलींसाठी खास. नुसती मूठ दोन्ही हातांना चालते असं लिहिलेली कात्री म्हणजे डावरी कात्री नव्हे, खऱ्या डावऱ्या कात्रीत पात्यांची बाजूच उलटी असते. उजवी कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांपासून लांब जातात आणि खडूची रेघ पण वरच्या पात्याखाली लपते. माझ्याकडे एक डावरी मुलगी होती, तिचा हात चांगला होता पण कड कायम फाटकी यायची, डावरी कात्री मागवली आणि पहिल्याच अस्तराला फरक दिसला. दुकानात बहुतेक नसते, ऑर्डर द्यावी लागते, पण द्या.

पैशाची अडचण असेल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत व्हाऊचर मिळतं. वय 18 पूर्ण पाहिजे, हे काम तुम्ही स्वतः हाताने करत असलं पाहिजे, घरातून एकालाच लाभ, नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस) सेंटरवर, ती आत्ता चालू आहे का ते तिथेच विचारा. ट्रेनिंगच्या दिवसांचे रोज 500 रुपये पण मिळतात.

आणि खरेदीला आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) किंवा लग्नसराईच्या गर्दीत जाऊ नका, तेव्हा दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. मंगळवार-बुधवार सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, चिंध्या घेऊन, बिल मागा, आणि टोक बरोबर नसेल तर बदलून देणार का हे पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या.