.२२ पिस्तुलात पुंगळी अडकणे : माझा अनुभव

लक्षण असं: तिसऱ्या-चौथ्या गोळीला रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागात) उभी अडकते, पुढचं काडतूस तिरकं होऊन थांबतं. स्टँडर्ड पिस्तूल या नेमबाजी स्पर्धाप्रकारातल्या १० सेकंदांच्या मालिकेत असं झालं की जीव अगदी रडकुंडीला येतो.

मॅगझिन बदललं, स्प्रिंग बदलली, तेल वाढवलं. तेलाने उलट बिघडलं. बेळगावच्या पावसाळी दमटपणात जादा तेल आणि काजळीचा चिखल होतो.

दोष चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात होता. .२२च्या शिशाच्या गोळीवर मेणाचा थर असतो. तो काजळीत मिसळून चेंबरमध्ये कडं धरतो आणि पुंगळी नीट बाहेर येत नाही.

आधी मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रावण) लावून १० मिनिटं थांबा. पितळी ब्रश चेंबरच्या बाजूने आत घालून फिरवा, कोरड्या कापडाने पुसा. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली टूथपिक घाला. माझ्या पिस्तुलाच्या त्या नखाखालून काळी, मेणचट वडी निघाली. तेल फक्त स्लाइडच्या खाचांना, प्रत्येकी एक थेंब. चेंबर कोरडंच ठेवा.

मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची बुडाची कड खालच्याच्या कडेपुढेच हवी, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात. काही सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) काडतुसं कमी जोराची असतात, त्यामुळे स्लाइड पुरती मागे न जाण्याची शक्यता असते. तपासणी स्टँडर्ड व्हेलॉसिटी (नेहमीच्या वेगाच्या) काडतुसांवरच करा.