अ‍ॅडिशन थंड ठेवलं म्हणजे बॅच सुरक्षित झाली असं नाही

वडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीतून एम.एस्सी. किंवा केमिकल इंजिनिअरिंग करून नंदेसरी, सावली, पादरा, अंकलेश्वर, दहेज या गुजरातच्या केमिकल पट्ट्यात प्रोसेस आर अँड डीला लागणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मेकॅनिझम, टीएलसी, एचपीएलसी (मिश्रणात काय, किती आहे ते दाखवणाऱ्या चाचण्या) येतं असं धरतो.

रेणू बहुधा दुसऱ्या कुणी शोधलेला असतो. तो टनाने, स्वस्तात आणि कमी घाणीत कसा बनवायचा, ते आपण शोधायचं. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधांना फक्त प्रक्रियेचं पेटंट दिलं, आणि औषधाच्या व्याख्येत कीटकनाशकं-तणनाशकंही धरली. 2005 पासून रेणूलाही पेटंट मिळू लागलं. पण पेटंट संपलेल्या रेणूची नवी वाट काढणाऱ्याची किंमत अजून कमी झालेली नाही.

आता एक सापळा. मी त्यात सापडलो होतो, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

रिअ‍ॅक्शन गरम होते म्हणून लॅबमध्ये आपण 0 ते 5 अंशांवर दुसरा माल थेंब थेंब घालतो, म्हणजेच अ‍ॅडिशन करतो, मग हळूहळू रूम टेंपरेचरला आणतो. फ्लास्कमध्ये सगळं शांत असतं. पण 5 अंशांवर रिअ‍ॅक्शन चालतच नसेल, तर घातलेला माल नुसता साठत जातो. थर्मामीटर हलत नाही आणि आपण खूश होतो. जॅकेट (भांड्याभोवतीचं, गरम-थंड करणारं आवरण) गरम करायला घेतलं की साठलेलं सगळं एकदम रिअ‍ॅक्ट होतं.

आकड्यांत बघा. 1 लिटरवरून 2000 लिटरवर गेलात की घनफळ 2000 पट होतं, पण थंड करणारा पृष्ठभाग साधारण 160 पटच वाढतो. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारं जॅकेट साडेबारा पटीने कमी. त्यातून ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टरची काच उष्णतेला अडवते. समजा 1500 किलोचा मास (रिअ‍ॅक्टरमधलं एकूण मिश्रण) आहे, किलोला 2 मोल आणि मोलमागे 150 किलोज्यूल उष्णता. एकूण 450 मेगाज्यूल झाले. जॅकेट 6 चौरस मीटर, उष्णता-वहनाचा गुणांक 250 (वॉट, दर चौरस मीटर दर अंश), तापमानाचा फरक 20 अंश धरला, तर तासामागून तास फक्त 30 किलोवॉट निघतात. लॅबमध्ये अर्ध्या तासात संपलेल्या अ‍ॅडिशनला इथे सव्वाचार तास लागणार, तेही ब्राइन (जॅकेटमधलं थंड खारं पाणी) नीट चालू असेल तर. वडोद्यात मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी 30 अंशांच्या खाली येणं कठीण, तेव्हा त्याच्या भरवशावर हिशेब करूच नका.

याच मासची विशिष्ट उष्णता 2 (किलोज्यूल, दर किलो दर अंश) धरली, तर उष्णता बाहेर गेलीच नाही तर तापमान 150 अंश चढेल. 30 टक्के माल न वापरता साठला असेल आणि कूलिंग गेलं, तर 45 अंशांची उडी. 40 अंशांवरची बॅच 85 ला जाईल. त्या 85 अंशांवर तुमचा नायट्रो कंपाउंड काय करतो, हे आधीच माहीत हवं. डीएससीवर (थोडासा नमुना तापवून उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर) विघटन 180 ला सुरू झालेलं दिसलं म्हणून 170 सुरक्षित समजू नका. मोठ्या मासमध्ये ते खूप आधी सुरू होतं. 100 अंश कमी धरायचे हा जुना ठोकताळा आहे, आणि तोही दर वेळी पुरत नाही.

तपासायची सोपी रीत: अर्धं अ‍ॅडिशन झालं की थांबा, लगेच सॅम्पल क्वेंच करा (त्यातली रिअ‍ॅक्शन तिथेच थांबवा) आणि एचपीएलसीवर न वापरलेला माल मोजा. जास्त निघाला तर तापमान वाढवा, म्हणजे पडलेला थेंब तिथल्या तिथे संपेल. इम्प्युरिटी वाढते का ते बघावं लागेल, पण बहुतेकदा वाटते तेवढी वाढत नाही. थर्मामीटरवर विसंबू नका. फ्लास्क इतक्या लवकर थंड होतो की तो काही सांगतच नाही.

स्टरर, म्हणजे ढवळणी, हाही याच सापळ्याचा भाग आहे. तो ट्रिप (आपोआप बंद) झाला आणि डोसिंग, म्हणजे माल घालणं, चालूच राहिलं, तर दोन थर साचतात. मग कुणी स्टरर पुन्हा चालू केला की सगळं एकदम मिसळतं. म्हणून स्टरर बंद तर डोसिंग बंद, असं इंटरलॉक मागून घ्या. 1976 मध्ये इटलीत सेव्हेसोजवळ ट्रायक्लोरोफिनॉलची बॅच शनिवारी अर्धवट सोडून स्टरर बंद केला होता. गरम भिंतीने वरचा थर तापला, काही तासांनी रनअवे झालं (रिअ‍ॅक्शन हाताबाहेर गेली) आणि डायॉक्सिन हे विष गावावर पसरलं.

घाबरून जाऊ नका. हा हिशेब एकदा हातात बसला की पंधरा मिनिटांचा आहे, आणि तो करणाऱ्यावर कुणी हसत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लॅबचं अर्ध्या तासाचं डिस्टिलेशन प्लँटमध्ये आठ-दहा तास चालतं, म्हणून मास त्याच तापमानाला 24 तास ठेवून यील्ड (हाती येणारा माल) बघा. लॅबमधल्या रोटाव्हेपरसारखं (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रासारखं) कोरडं करणं प्लँटमध्ये नाही, कारण स्टररच्या पात्याखाली पातळी गेली की ढवळणंच थांबतं. लॅबमधल्या शेवटच्या तीन बॅचेस एआर ग्रेडने (शुद्ध लॅब-केमिकलने) घेऊ नका, प्लँटच्या ड्रममधल्या मालाने घ्या.

पेटंटातलं उदाहरण जसंच्या तसं उचलणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. यील्ड तिथे लिहिलेला असतो, पण अ‍ॅडिशनचा वेग आणि ढवळण्याची तऱ्हा बहुधा नसते. गुरू शोधायचा तर रात्रपाळीच्या ऑपरेटर काकांना धरा. कुठली बॅच कुठे अडते, ते त्यांना लॉगबुक न उघडता ठाऊक असतं. कधी प्लँटवर न गेलेल्या साहेबाचा सल्ला ऐका, पण त्यावर बॅच घेऊ नका.

शेवटी सांडपाणी. 2,4-डी हे तणनाशक बनवताना डायक्लोरोफिनॉल आणि मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड कॉस्टिकमध्ये जोडतात, मग हायड्रोक्लोरिकने अ‍ॅसिड मोकळं करतात. कागदावरच्या 100 टक्के यील्डलाही 1 किलो मालामागे अर्धा किलोहून थोडं जास्त मीठ बनतं. काही मोनोक्लोरो कॉस्टिकमध्येच ग्लायकोलिक अ‍ॅसिड होऊन जातं, आणि ते सीओडीत (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापात) दिसतं. वडोद्याहून खंभातच्या आखाताकडे जाणारं सांडपाण्याचं चॅनेल पन्नासहून अधिक किलोमीटरचं आहे, पण त्यात सोडायच्या आधी हे मीठ आणि सीओडी तुमच्या ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटला) पेलायचंय. किलोमागे किती पाणी, किती मीठ, किती सीओडी, हे मांडून ईटीपीच्या माणसाला दाखवा आणि मगच रूट पक्का करा.