आयर्न, कॅल्शियम आणि मधला चहा: प्रेग्नन्सीत गोळ्यांचं टायमिंग कसं बसवायचं

सहाव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ९.२ आलं, तेही रोज न चुकता गोळी घेऊन, मला तर रडूच फुटलं. सिस्टरनी फक्त एवढंच विचारलं की गोळी कधी घेतेस गं? म्हटलं नाश्ता झाला की आयर्न, कॅल्शियम दोन्ही एकदमच, म्हणजे विसरायला नको, आणि मग चहा. तिथेच घोळ होता. कॅल्शियम आयर्नला अंगी लागू देत नाही आणि चहा-कॉफीचंही तेच. वेळा बदलल्या आणि पाच आठवड्यांत १०.३ झालं.

तर आता सुरुवातीपासून सांगते. फोलिक ॲसिड पहिलं, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि ते दिवस गेल्यावर नाही तर चान्स घ्यायचं ठरवलं की लगेच चालू करायचं. कारण बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत तयार होतो, तेव्हा कित्येकींना पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. डायबेटिस असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा प्रॉब्लेम असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरच ठरवणार.

चौथ्या महिन्यापासून आयर्न आणि कॅल्शियम. सरकारी दवाखान्यात लाल गोळी फुकट मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम आयर्न आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, रोज एक. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच्या दोन, व्हिटॅमिन डी सकट. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आयर्नचा डोस वाढवतात आणि ७ च्या खाली गेलं तर गोळ्यांवर थांबायचंच नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

माझं टाइमटेबल असं होतं: नाश्त्यानंतर एक कॅल्शियम, रात्री जेवण झालं की दुसरी, आणि आयर्न दुपारी जेवणानंतर दोन तासांनी, अर्ध्या लिंबाच्या सरबताबरोबर. चहा त्यानंतर तासाभराने, आधी नाही (चार वाजता सासूबाईंचा कप समोर यायचा, तो मागे सारणं हेच सगळ्यात अवघड होतं). रिकाम्या पोटी मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्या, फक्त दूध-दही नको. शी काळी होते, घाबरू नका, ते आयर्नमुळेच. पोट साफ होत नसेल तर पाणी वाढवा, पेरू खा, पण मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगून दुसरी घ्या. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि या दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं.

खाण्यात बाजरीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळायचंच. नाचणी कॅल्शियमला एक नंबर, तीळही. शाकाहारी असाल तर बी१२ एकदा तपासून घ्या. अंडी, मासे खात असाल तर चांगलंच, नीट शिजवून खा. कलेजी मात्र या काळात नको, तिच्यात व्हिटॅमिन ए फार असतं आणि ते जास्त झालं तर बाळाला त्रास होतो. म्हणूनच दोन-दोन मल्टिव्हिटॅमिन एकावर एक घेऊ नका, डब्यामागचं लेबल वाचा.

अजून एक. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर डोहाळे म्हणून सोडून देऊ नका गं, बऱ्याचदा रक्त कमी असल्याची खूण असते ती. लाजू नका, पुढच्या तपासणीला सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे सांगितलं तरी चालेल.

आणि बाळ झालं की डिंकाचे लाडू सुरू होतात पण गोळ्या कपाटात राहतात. आयर्न-कॅल्शियम बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायचंय, वेळा त्याच.