नोकरीसाठी मोठ्या शहरात आलात? आधी बुधवारची रात्र मार्गी लावा

नव्या शहरातला पहिला शनिवार-रविवार फसवा असतो. अंगात उत्साह असतो, बादल्या-चादरींची खरेदी चाललेली असते, इथे आपलं झकास जमणार असं वाटत असतं. खरी परीक्षा बुधवारी रात्री नऊला होते. दमून दार उघडावं, तर सकाळी घाईत टाकलेला ओला टॉवेल पलंगावर तसाच, भांडी घासायची राहिलेली, उद्याचे कपडे दांडीवर अजून दमट, खायला काही नाही आणि मोबाइलची बॅटरी चार टक्क्यांवर.

म्हणून मी सगळ्याला एकच कसोटी लावते. खोली असो, प्रवास असो, पैसा असो, दमलेल्या बुधवारी हे निभेल का, एवढंच विचारायचं. शहर बघणं, फिरणं हे सगळं नंतर होतंच.

१. खोली बघण्याआधी रस्ता बघा

नकाशावर ‘बारा किलोमीटर’ लिहिलेलं असतं. त्यावरून काहीच कळत नाही. मी माझी पहिली खोली रविवारी दुपारी बघितली. ऑफिसपासून पस्तीस मिनिटांत पोचले आणि खुशीत होकार देऊन टाकला. सोमवारी सकाळी तोच रस्ता एक तास दहा मिनिटांचा झाला. रस्त्याचा काही दोष नव्हता, मीच चुकीच्या वेळी मोजला होता.

मोजायचं कसं? कामाच्या दिवशी, ज्या वेळेला तुम्ही खरंच निघणार त्याच वेळेला, खोलीच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत. जिना, थांब्यापर्यंतची चाल, वाट बघणं, गर्दीमुळे सोडून द्यावी लागलेली गाडी, ऑफिसच्या लिफ्टची रांग, सगळं त्यात धरा. संध्याकाळी परतीचंही मोजा. शेवटची गाडी किती वाजता सुटते, तेही विचारून ठेवा.

मग साधा हिशोब मांडा. एका बाजूला ७५ मिनिटं म्हणजे रोज अडीच तास. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर ५५ तास. तेच अंतर ४५ मिनिटांचं असेल तर ३३ तास. फरक २२ तासांचा, म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस दर महिन्याला. भाड्यातला फरक या २२ तासांशी ताडून बघा, नुसत्या पगाराशी नको. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली मांडलं होतं की, माणसं रोजच्या प्रवासाला सरासरी तासभरच देतात. वाहनं वेगवान झाली की प्रवासाचा वेळ कमी होत नाही, शहर तेवढं लांबवर पसरतं. तासभर म्हणजे जाऊन-येऊन, हे लक्षात घ्या. त्याच्या दुप्पट प्रवास रोज करणं जमतं, पण त्याची भरपाई झोपेतून होते.

माझं मत विचाराल तर लांबच्या मोठ्या खोलीपेक्षा जवळची छोटी खोली बरी. याला एक अपवाद आहे. गाडी जिथून सुटते त्याच्या जवळ खोली असेल आणि रोज बसायला जागा मिळणार असेल, तर लांबचीही चालेल. बसून केलेला तास आणि लोंबकळत केलेली चाळीस मिनिटं यांत तास परवडतो.

२. खोली दोनदा बघा, एकदा रात्री

दिवसा गेलात की नळ सोडा आणि तो चालू असतानाच फ्लश ओढा. पाण्याची धार बारीक झाली तर सकाळच्या घाईत काय होणार ते कळलं. छताच्या कोपऱ्यांत पिवळे डाग किंवा फुगलेला रंग दिसला तर ती ओल आहे. नवा रंग दिला की ती झाकली जाते, जात नाही. कपाटाच्या मागे, खिडकीखाली हात लावून बघा. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा चार्जर लावा. पलंग जिथे टाकणार त्या कोपऱ्यात उभं राहून फोन लावा. खिडकी उघडून बघा, मिटतेय का तेही बघा. पाणी किती वेळ येतं हे मालकाला विचाराच, पण शेजाऱ्यालाही विचारा.

रात्री नऊनंतर परत जा. आवाज, उजेड, जिन्यातला दिवा आणि थांब्यापासून घरापर्यंतची वाट यातलं काहीही दुपारी कळत नाही. बरोबर कुणी येत असेल तर चांगलंच.

करारात तीन गोष्टी लेखी असू द्या: सोडताना किती दिवस आधी सांगायचं, अनामत रक्कम किती दिवसांत आणि काय कापून परत मिळणार, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा. ‘आपलं बोलणं झालंय ना’ यावर विसंबू नका, मालक कितीही भला असला तरी. किल्ली हातात येईल त्या दिवशी, सामान आत आणण्यापूर्वी, भिंती, फरशी, नळ आणि विजेच्या मीटरचा आकडा यांचे फोटो काढा आणि मालकाला लगेच पाठवून द्या. म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

रूम पार्टनर असेल तर पहिल्याच संध्याकाळी बसून बोला. दिवे किती वाजता बंद, पाहुणा मुक्कामाला चालेल का, भांडी कुणी कधी घासायची, सामायिक खर्च कसा वाटायचा. अवघडल्यासारखं वाटेल. दोन महिन्यांनी भांड्यांवरून अबोला धरण्यापेक्षा ते सोपं.

आणि पहिल्या रात्री झोप लागली नाही म्हणून खोलीला नावं ठेवू नका. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की, अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहारा देत असतो. जमल्यास नोकरीच्या आदल्या दिवशी नाही, दोन-तीन दिवस आधी राहायला या.

३. पहिल्या आठवड्यात काय घ्यायचं

फार काही नाही. अंथरूण-पांघरूण, अंधार करणारा पडदा, पलंगापाशी पोचेल असा एक्स्टेन्शन बोर्ड, दाराशेजारी एक हूक आणि मोबाइलचा दुसरा चार्जर. हूक किल्लीसाठी. टेबल, कपाट, शेल्फ महिनाभर घेऊच नका. तुम्ही या खोलीत नेमके कुठे बसता, कपडे कुठे टाकता हे महिन्याभराने कळतं. त्याआधी घेतलेलं फर्निचर हमखास चुकीच्या भिंतीला लागतं.

कपड्यांचं गणित मात्र आधीच करा. दोन धुण्यांमधले दिवस आणि कपडे वाळायला लागणारे दिवस यांची बेरीज करा, तितके आतल्या कपड्यांचे जोड हवेत. चार दिवसांनी धुता आणि वारा नसलेल्या खोलीत वाळायला दोन दिवस लागतात, तर सहा. पाचच असले की बुधवारी दमट बनियन अंगात चढवावा लागतो. याची लाज वाटून काही उपयोग नसतो, सहावा जोड घ्यावा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, एका सुट्टीत उरकून टाका: बँकेतला पत्ता, विमा, ओळखपत्रांच्या प्रती आणि ऑफिसच्या नोंदीत तातडीच्या वेळी फोन करायचा माणूस. त्या जागी शक्यतो याच शहरातलं एक नाव द्या. आई-बाबांना यायला वेळ लागणार असतो.

४. जेवणाचा बुधवारचा कप्पा

रोज घरी करून खाईन, ही प्रतिज्ञा दुसऱ्या आठवड्यात मोडते. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा जास्तीचं शिजवा आणि उरलेले दिवस त्यावर काढा. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत काढून ठेवा. फ्रिज ४-५ अंशांवर असेल तर तीन दिवस काळजी नाही. डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहा. ‘हे सोमवारचं की शनिवारचं’ हा प्रश्न वास घेऊन सोडवायचा नसतो.

याशिवाय एक कप्पा असा ठेवा की त्यातली वस्तू दहा मिनिटांत, एकाच भांड्यात, डोकं न चालवता तयार होईल. तो कप्पा फक्त दमलेल्या रात्रीसाठी. वापरला की शनिवारी पुन्हा भरायचा.

५. पैसे आठवड्याने मोजा

नोकरी लागली तरी पहिला पगार हातात पडायला महिना, कधी त्याहून जास्त लागतो, आणि अनामत, भाडं, सामान हे सगळं त्याच्या आधी येतं. शक्य असेल तर निदान दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून या.

पगार झाला त्याच दिवशी भाडं, घरी पाठवायचे पैसे आणि बचत बाजूला निघू द्या. उरलेल्याचे पाच भाग करा. चार आठवड्यांचे चार, आणि पाचवा महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी आणि अचानक येणाऱ्या खर्चासाठी. दर सोमवारी एकच भाग रोजच्या खात्यात घ्या. महिन्याचं बजेट बिघडलंय हे पंचवीस तारखेला कळतं, आठवड्याचं गुरुवारीच कळतं.

एका खर्चाला मी वेगळं नाव दिलंय: थकव्याचा खर्च. दमून मागवलेलं जेवण, दमून केलेली टॅक्सी. हा खर्च शून्यावर आणायचा प्रयत्न करू नका, तो होणारच. महिन्यातून चार वेळा, असं आधीच ठरवून पैसे काढून ठेवा आणि त्या चार वेळा मजेत करा. पाचव्यांदा हात फोनकडे गेला तर प्रवास किंवा कामाचे तास तपासून बघा, कारण गडबड बहुधा तिथे असते.

६. आजारी पडण्याची तयारी, बरं असताना

एकट्याने राहताना रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या की औषधाचं दुकान शोधण्याचीही ताकद नसते. म्हणून आताच थर्मामीटर, तापाचं एक औषध आणि जलसंजीवनीची पाकिटं आणून ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट घ्या. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

जवळचा डॉक्टर किरकोळ सर्दीच्या निमित्ताने आधीच गाठा. रात्रभर चालू असणारं रुग्णालय कुठे आहे, तिथे जायला किती वेळ लागतो, हे एकदा बघून या. फोनमध्ये वैद्यकीय माहिती भरायची सोय असते. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि एक फोन नंबर त्यात भरा, आणि स्क्रीन कुलूपबंद असतानाही ती माहिती दिसेल असं ठेवा. तेच सगळं कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

७. माणसं

दोन महिने झाले, अजून एक मित्र नाही, असं वाटून लोक खचतात. यामागचं गणित बघा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी, नव्या ठिकाणी राहायला जाऊन सहा महिनेही न झालेल्या प्रौढांची विचारपूस केली. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इतपत व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत. आठवड्याला दोन तास म्हटले तरी ५० तासांना पंचवीस आठवडे लागतात, म्हणजे सहा महिने. तेव्हा दोन महिन्यांत कुणी नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पण ते दोन तास ठरलेले हवेत. ‘भेटू कधीतरी’ यातून कुणी भेटत नाही. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच ठिकाणी, तीच माणसं येतात असं काहीतरी शोधा: खेळाचा गट, वाचनालय, गाण्याचा क्लास, कुठलंही. जायचा कंटाळा आला तरी आधी सहा वेळा सलग जा, सोडायचं की नाही ते मग ठरवा.

सुरुवातीचे पाच-सहा आठवडे दर सुट्टीला गावी पळू नका. घरी फोन मात्र ठरलेल्या वेळी करा. रात्री एकटं वाटलं म्हणून केलेल्या फोनने आईची झोप जाते आणि तुमचीही.

शेजाऱ्यांशी ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्या. माझी झाली ती किल्लीमुळे. तिसऱ्या आठवड्यात, बुधवारीच, किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिली आणि मी रात्री साडेनऊला जिन्यात बसून होते. समोरच्या काकूंनी दार किलकिलं करून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “आत ये, जिन्यात डास आहेत.” किल्ली आणायला रूम पार्टनरला पावणेअकरा वाजले. दुसऱ्या दिवशी मी एक जादा किल्ली करून घेतली आणि महिन्याभराने, पुरेशी ओळख झाल्यावर, त्यांच्याकडे ठेवली. तुम्हीही आधी माणूस पारखून घ्या. तोवर जादा किल्ली ऑफिसातल्या विश्वासू सहकाऱ्याकडे असू द्या, आणि त्यावर घराचा पत्ता लिहू नका.

८. नव्वदाव्या दिवशी

कॅलेंडरमध्ये दोन तारखा आत्ताच टाका. एक आजपासून नव्वद दिवसांनंतरची. त्या दिवशी प्रवास पुन्हा घड्याळ लावून मोजा, थकव्याचा खर्च किती वेळा झाला ते बघा, आणि आता कुठे बसता हे कळलेलं असेल तर टेबल घ्या. दुसरी तारीख करार संपण्याच्या दोन महिने आधीची. राहायचं की खोली बदलायची हे तेव्हा ठरवा. बदलायची असेल तर नवी खोली बघायला बुधवारी संध्याकाळी, ऑफिसातून थेट जा.