माशाला माशी: फ्लाय बांधायला शिकताना

पहिली फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली खोटी माशी, तयार करायला मला ४० मिनिटं लागली आणि पहिल्याच ब्लूगिल माशाने तिची शेपटी उपटून नेली. मासा गेला, शेपटी गेली, दोरीच्या टोकाला राहिला तो हिरवट काहीतरी गुंडाळलेला गळ. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो हातात घेतला, नखाने जरा खरवडला आणि म्हणाले, "पिसं चांगली आहेत. दोरा ढिला आहे."

मी मूळचा मालवणकडचा. आमच्याकडे गरवायला जाणं म्हणजे गरीला कोळंबी लावायची आणि खडकावर बसून राहायचं. नोकरीसाठी अमेरिकेतल्या मिशिगनला आलो तेव्हा पाहिलं, की इथली माणसं पिसं, केस आणि दोरा गळावर गुंडाळून खोटी माशी करतात आणि मासा ती खरी समजून तोंडात घेतो. पहिल्या हिवाळ्यात आईने फोनवर विचारलं, काय करतोयस? म्हटलं, माशी बांधतोय. "मासे पकडायचे सोडून माशा?" म्हटलं, माशासाठीच माशी. त्यावर तिने जेवलास का विचारलं.

आता ५ हिवाळे झाले. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहितोय, पण क्रम माझ्या चुकांचाच आहे.

सगळ्यात आधी दोरा. दुकानात गेलात की नजर पिसांवर जाते, रंगीत चकचकीत तारांवर जाते. माझीही गेली आणि पहिल्याच महिन्यात डबाभर सामान गोळा झालं. त्यातलं अर्धं अजून पाकिटातच आहे. फ्लाय उभी राहते ती दोऱ्याच्या ताणावर. आजी अबोलीचा वळेसर करायची तेव्हा एका हाताच्या बोटांत फुलांचे देठ, दुसऱ्या हातात केळीचा धागा, आणि प्रत्येक वेढ्याला ताण अगदी सारखा. जास्त ओढलं तर देठ तुटतो, कमी ओढलं तर डोक्यात माळेपर्यंत फुलं गळतात. माझ्या शेपटीचं तेच झालं होतं.

म्हणून पहिल्या संध्याकाळी काहीच बांधू नका. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, घट्ट बसवा, दोरा चढवा आणि तुटेपर्यंत ओढा. परत चढवा, परत तोडा. दहा-बारा वेळा तुटला की कुठवर ओढायचं ते बोटांना कळतं. त्याच्या जरासं अलीकडे थांबायचं, तोच कामाचा ताण. दोऱ्याची जाडी डेनियरमध्ये असते, आकडा लहान तितका दोरा बारीक. सुरुवातीला १४० डेनियर घ्या, ७० चा नंतर. आणि एक गोष्ट मला कुणी वर्षभर सांगितली नव्हती: वेढे घेता घेता दोऱ्याला पीळ पडत जातो आणि तो सुतळीसारखा गोल होतो. दोऱ्याचं रीळ धरलेली बॉबिन लोंबकळू द्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने गरगर फिरवा. पीळ सुटतो, दोरा फितीसारखा चपटा होतो, चपटा दोरा पिसाला जास्त जागी धरतो आणि गाठीचा गोळाही होत नाही.

हत्यारं थोडकी लागतात: गळ धरणारा व्हाइस, दोऱ्याचं रीळ धरणारी नळीवाली बॉबिन, बारीक टोकाची कात्री आणि शेवटची गाठ मारायचं व्हिप फिनिशर. व्हाइस महागाचा नको, पण गळ त्यात हलता कामा नये. कात्रीच्या टोकाने तार कापू नका. तारेसाठी मुळाकडची धार वापरा. माझी पहिली कात्री तिसऱ्या दिवशी गेली. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून घ्या. दाबताना गळ मोडायचा असेल तर रिकामाच मोडू दे, अर्ध्या तासाच्या मेहनतीसकट नको. गळाच्या आकड्यांत नवखा हमखास फसतो, कारण आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. १० नंबरचा गळ ६ पेक्षा लहान आणि २० नंबरचा तर भाताच्या शितापेक्षा छोटा.

पहिली फ्लाय कोणती? माझं उत्तर पक्कं आहे: वूली बगर. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ साली ती बांधली, स्मॉलमाउथ बास या माशासाठी. मनात होती ती पाण्यातली हेलग्रामाइट नावाची अळी. पण बगर कशाचीच हुबेहूब नक्कल नाही. ओढली तर छोटा मासा वाटते, सोडली तर जळू वाटते, आणि तिच्यात नवख्याच्या चुका खपतात.

लांब दांडीचा १० नंबरचा गळ घ्या. दोरा नेढ्याच्या जरा मागे चढवून वळणापर्यंत न्या. शेपटीला मॅराबूचं पीस. नाव करकोच्याचं, पण हल्ली मिळतं ते टर्कीचं, इतकं हलकं की श्वासाने उडतं. बोट ओलं करून दाबलं की मुकाट्याने बसतं. शेपटीची लांबी दांडीइतकी. खरी परीक्षा इथे आहे. पीस अंगठा आणि तर्जनीत धरून दांडीवर टेकवा, दोरा त्याच चिमटीतून वर न्या, पिसावरून सैल वेढा पलीकडे टाका, चिमूट न सोडता मग सरळ खाली ओढा. चिमूट आधी सुटली की पीस दांडीच्या पलीकडच्या बाजूला घसरतं. असे ३ वेढे पडल्यावरच बोटं उचला आणि पीस ओढून बघा. आलं तर सगळं सोडून पुन्हा. पहिल्या फ्लायच्या वेळी मी हेच ओढून बघितलं नव्हतं.

पुढे बारीक तांब्याची तार आणि शेनील, म्हणजे मऊ लव असलेला जाड धागा, दोन्ही शेपटीजवळ बांधा. दोरा पुढे न्या, शेनील गुंडाळत पुढे आणा, बांधा. कोंबड्याचं हॅकल पीस पुढच्या बाजूला बांधून मोकळे वेढे घेत मागे न्या, मग तार उलट्या दिशेने वेढत पुढे आणा; पिसाचा कणा तारेखाली दाबला जातो आणि माशाच्या दाताने सुटत नाही. तार घेताना पिसाचे केस खाली दडपले जातात, म्हणून ती जरा डावी-उजवी हलवत न्यायची. शेवटी डोकं, गाठ, वर नेलपॉलिशचा थेंब.

इथे जवळजवळ प्रत्येकाचं एकच चुकतं: डोक्याला जागा उरत नाही. मी तर नेढ्यावरच दोरा चढवायचो आणि तळ्यावर गेल्यावर दोरी ओवायला नेढं सापडायचं नाही. सुईत दोरा ओवता न येणाऱ्या आजोबांसारखा मी गळ उजेडाकडे धरून उभा. नेढ्याच्या दुप्पट जागा सुरुवातीलाच मोकळी सोडा. शेनील तिथे येऊन थांबलं पाहिजे, मन कितीही पुढे ओढलं तरी.

हीच एक फ्लाय डझनभर बांधा. एक बगर, एक ड्राय (पाण्यावर तरंगणारी), एक निम्फ (पाण्याखाली बुडणारी) असं करू नका. सातवी-आठवी बांधताना हात आपोआप चालायला लागतो. बाराही रांगेत मांडून पहिली आणि शेवटची शेजारी ठेवा, कुणाला विचारायची गरज उरत नाही.

इथली बहुतेक मंडळी ट्राउटच्या मागे असतात. मी म्हणेन पहिलं वर्ष पॅनफिशला द्या. ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी, पर्च, म्हणजे तव्यात मावतील असे मासे. ट्राउट शंभर खोड्या काढतो. ब्लूगिल भुकेला आणि भांडकुदळ. मेच्या शेवटी आणि जूनमध्ये ते उथळ पाण्यात ताटलीएवढी गोल घरटी करतात आणि नर घरट्यावरून जाणाऱ्या कशावरही धावून येतो. तुमची वाकडी फ्लायही तो घेईल. मात्र ते मोठे नर तिथे अंडी राखायला बसलेले असतात, त्यांना सोडून द्यावं. ब्लूगिलचं तोंड इवलंसं असतं आणि तो शेपटीला टोचा मारून निघून जातो. म्हणून त्याच्यासाठीच्या बगरची शेपटी निम्मी करा, कात्रीने नव्हे, नखाने चिमटून. कात्रीने कापलेली शेपटी झाडूसारखी बोथट दिसते. दुसरी फ्लाय फोमचा कोळी: हस्तकलेच्या दुकानातला फोम, दोन्ही बाजूंना रबरी पाय. दोरा जास्त ओढला तर फोम कापला जातो, कमी ओढला तर दांडीभोवती गोल फिरतो. आधी दोऱ्याचा थर द्या, त्यावर सुपरग्लूचा थेंब. दोन-तीन मध्यम ब्लूगिल मी घरी आणतो: कोकमाचं आगळ, हळद, मालवणी मसाला, वरून रवा. आमच्याकडच्या मोरी माशासारखी चव नाही, पण वाईटही नाही.

मग ट्राउट. मिशिगनमधल्या बऱ्याच नद्यांवर त्याचा मोसम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उघडतो. इथला ब्राउन ट्राउट मूळचा नाहीच. जर्मनीहून आलेल्या अंड्यांची पिल्लं १८८४ च्या एप्रिलमध्ये बाल्डविन नदीत सोडली, तिथून तो पसरला. इथला जुना मासा ग्रेलिंग मात्र १९३० च्या दशकात संपला. ऑ सेबल नदीकाठच्या गावाला त्याचं नाव तेवढं राहिलंय.

ट्राउट बहुतेक पोट पाण्याखालीच भरतो, म्हणून ड्रायच्या आधी निम्फ शिका. फेझंट टेल नावाची निम्फ घ्या. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर ती दोऱ्याशिवाय बांधायचे. बारीक तांब्याची तारच दोरा आणि तीच वजन. तुम्ही दोरा वापरा, पण एकदा त्यांच्या पद्धतीने करून बघा. तार सैल सोडली की लगेच उलगडते, लपवायला काही नसतं. ॲडम्स ही ड्राय फ्लाय नंतर. १९२२ साली मिशिगनच्याच मेफिल्डमध्ये लिओनार्ड हॅलडे यांनी ती बांधली आणि ओहायोच्या चार्ल्स ॲडम्स यांचं नाव तिला दिलं. ती सुंदर आहे, तिच्यापुढे मी दोन हिवाळे हरलो. दोन्ही पंख एकाच उंचीला उभे राहीनात. १४ नंबरच्या आधी १२ वर बांधा, आणि पंखांशिवाय बांधली तरी ट्राउट तक्रार करत नाही.

पिसांबद्दल दोन गोष्टी. एका मित्राच्या शेतावरच्या कोंबड्याची मान मी आनंदाने घेऊन आलो, नीट न धुता डब्यात ठेवली. मार्चमध्ये डबा उघडला तर पिसांचे नुसते कणे, तळाला भुगा, आणि विकत घेतलेल्या महाग हॅकललाही कीड. आता बाहेरून आलेलं पीस आधी साबणाने धुतो, वाळवतो, बंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवतो, बाहेर काढतो, पुन्हा ठेवतो. घरातल्या फ्रीजरवर यावरून वाद झालेला आहे. दुसरं, अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यामुळे रस्त्यात पडलेलं ब्लू जेचं पीससुद्धा उचलून ठेवता येत नाही. आई येताना म्हणाली, देवघरात एवढी मोरपिसं पडलीत, आणू का? नको म्हटलं. भारतातून मोरपिसं बाहेर न्यायला बंदी आहे. इथे पाळलेल्या मोरांची मिळतात, दुकानातून घेतो.

शेवटचा प्रश्न नेहमी पैशांचा. घरी बांधून पैसे वाचतात असं बायकोला सांगू नका, मी सांगून बसलोय. दुकानात २-३ डॉलरला मिळणाऱ्या फ्लाय बऱ्याचदा केनिया, थायलंड किंवा श्रीलंकेत बांधलेल्या असतात. तिथल्या सराईत हातांचा वेग आणि सारखेपणा बघितला की विकण्याचा विचार आपोआप मागे पडतो. तरीही विकायच्या असतील तर अमेरिकेत फ्लाय बनवून विकणाऱ्याला १० टक्के केंद्रीय अबकारी कर भरावा लागतो, छंद म्हणून विकल्या तरी. मित्रांना फुकट द्या, त्यांच्या हातून तुटल्या की कुठे तुटल्या ते विचारा.

शिकायला व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यात बोटं दिसतात, ताण दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मासेमारीच्या क्लबांच्या संध्याकाळच्या बैठका होतात, तिथे जा. तुमच्या शेजारी बसलेला माणूस तुमचा दोरा एकदा स्वतःच्या बोटाने ओढून दाखवतो, त्यात दहा व्हिडिओ येतात.

बिघडलेल्या फ्लाय फेकू नका. जुन्या दाढीच्या ब्लेडने दांडीच्या कडेने सोललं की पिसं-दोरा सगळं एका पट्टीत निघतं आणि गळ परत कामाचा. माझ्या पहिल्या डझनातले ९ गळ मी असेच सोलले. त्यावरच बगर बांधल्या, या वेळी शेपटी ओढून बघून.